नाव घातलेला गडू

"तात्या, जुनं ओळखायचं कसं?"

मुकुंद गद्र्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. तात्या चहावर फुंकर मारत राहिले.

वाईच्या बाजारात दगडूतात्या तांबटांचं छोटंसं दुकान आहे. साठ वर्षं त्यांनी लोकांच्या भांड्यांवर नावं घातली. आता जुनी-नवी भांडी विकतात आणि कुणी म्हटलंच तर नाव घालून देतात. भांड्यावर एक टिचकी मारून ते त्याचं वय सांगतात, अशी त्यांची ख्याती.

गद्रे पुण्याचे. शनिवार-रविवार आला की बायकोला, हेमलताबाईंना, गाडीत घालून जुन्या वस्तू हुडकत हिंडायचे. बावीस वर्षांत दिवे, अडकित्ते, घंगाळं यांनी घर भरलं. त्यातली एकही वस्तू बाईंनी निवडलेली नव्हती.

आज सकाळी मिसळ खाताना बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी तुम्ही एकटेच जा."

रागावल्या असत्या तर परवडलं असतं. गद्र्यांनी हातातला पाव ताटलीत परत ठेवला. आपली निम्मी हौस हिच्या सोबतीची आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. पण ते बोलून दाखवायचं कसं, ते सुचेना. मग असा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. विषय बदलला आणि बाईंना घेऊन तात्यांकडे शिकायला आले.

"शिकवतो," अखेर तात्या म्हणाले. "सूनबाई, तुम्हाला आवडंल ते उचला."

बाईंनी एक समई उचलली.

"डाग देऊन सांधलेली आहे," गद्रे म्हणाले.

बाईंनी ती ठेवली आणि फुलपात्र घेतलं.

"काठ बघ. हलकं काम."

बाईंनी तेही ठेवलं. मग कोपऱ्यातला एक पितळी गडू त्यांनी दोन्ही हातांत घेतला. पोटाला पोचा आलेला. तो त्यांनी खाली ठेवला नाही.

"अगं, हा तर कालपरवाचा. कारखान्यातला."

तात्यांनी टिचकी मारली.

"बराबर. गेल्या महिन्यातला. तुला तर सगळं येतंय की. मग शिकायला काय आलास?"

गद्र्यांनी उगाच समई सरळ केली.

तात्यांनी गडू मांडीवर घेतला, बारीक छिन्नी काढली.

"काय नाव घालू?"

"नाव? तात्या, हा घ्यायचाच नाहीये."

"मघापासून नावं ठेवतोयस. एक घालाया काय जातंय?"

हेमलताबाई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा. तोंडाला पदर लावूनही ते हसू मावेना.

गद्रे त्या हसण्याकडं बघत राहिले... बाजारात इतकी वर्षं हिंडून असं काही त्यांच्या हाती लागलं नव्हतं.

"घाला," ते म्हणाले.

"काय? मु. वि. गद्रे?"

घरातल्या यच्चयावत भांड्यांवर तेच होतं.

"नाही. हेमलता."

"नुसतं?"

"नुसतं."

"असं न्हाई चालायचं. आमच्या दुकानात नाव घेतल्याबिगर नाव घालत न्हाईत."

"तात्या, पन्नाशी उलटली माझी."

तात्यांनी छिन्नी खाली ठेवली. चहा उचलला.

शेजारचा भाजीवाला पुढं सरकला. दोन बायका पिशव्या टेकवून उभ्या राहिल्या. गद्र्यांचे कान लाल झाले. लग्नात घेतलेला उखाणा त्यांना आठवेना.

"पितळेच्या गडूला... पडला एक पोचा..."

"हं."

"हेमलता म्हणते तोच गडू..."

इथं गाडी अडली. सगळा बाजार थांबला होता.

"...घरी न्यायचा."

यमक लंगडत का होईना, पोचलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचे डोळे हसता हसता भरून आले होते.

"पुढच्या शनिवारी," त्या हळूच म्हणाल्या, "मेणवलीला जाऊ. मी निवडीन."

गद्र्यांनी मान डोलावली.

टक टक टक... एकेक अक्षर उमटत गेलं. तात्यांनी कीस फुंकून टाकला, धोतराच्या सोग्यानं गडू पुसला आणि बाईंच्या हाती दिला.

गद्र्यांचा स्वभाव मात्र जाईना. "पण तात्या, जुनं ओळखायचं कसं, ते राहिलंच."

तात्यांनी बाईंच्या हातातल्या गडूवर हलकी टिचकी मारली. कान देऊन ऐकलं.

"आत्ता लागला बघ जुना व्हायला."