बाळगोंडानं कर्नल बनवला

एका गावात एक डेअरी होती आणि त्या डेअरीत बाळगोंडा नावाचा एक भोळा ऑपरेटर होता. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी. सांगाल तेवढं करणार. अडचण एकच, सांगाल तेवढंच करणार.

डेअरीत दूध गार करायची नवी टाकी आली. टाकी कॉम्प्युटरवर चालणारी, पण डेअरीचा जुना कॉम्प्युटर तिला ओळखेना. कॉम्प्युटरच्या आत कर्नल असतो, मुकादमासारखा. कॉम्प्युटर सुरू झाला की तो आधी हजेरी घेतो. ज्याचं नाव त्याच्या यादीत नाही, तो समोर उभा असला तरी त्याला दिसत नाही. म्हणजे टाकीचं नाव घालून नवा कर्नल बनवणं आलं.

सकाळी सातला गावाचं आठशे लिटर दूध टाकीत पडलं. अकरापर्यंत गार झालं नाही तर नासणार. "दूध नासलं तर उद्यापासनं तू घरी," चेअरमननी सांगून ठेवलं होतं. बाळगोंडानं थोरल्या बहिणीला फोन लावला. पद्माक्का सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची.

"बाळू, जुना कर्नल तसाच ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. "नव्यासाठी यादी येईल. आपलं जे असंल त्याला हो म्हण. नसंल त्याला न्हाई."

बाळगोंडा यादी घेऊन बसला. टाकी? हो. पडदा? हो. किबोर्ड? तो शाळेतून मागून आणलेला. बाळगोंडा पडला प्रामाणिक. नाही.

नवा कर्नल तयार झाला, कॉम्प्युटर झोकात सुरू झाला. बाळगोंडा बटणं बडवतोय, पण अक्षर उमटेना.

"आक्का, किबोर्ड मुका झालाय."

"त्याला न्हाई म्हणलास?"

"आपला न्हवं गं त्यो. शाळेचा हाय."

आक्कानं कपाळाला हात लावला. "कुणाचा हाय ते बघायचं न्हाई. जोडलेला दिसला की हो म्हणायचं."

बाळगोंडानं ते घोकलं. जुन्या कर्नलवर कॉम्प्युटर उघडून पुन्हा यादी घेतली. किबोर्ड? जोडलेला दिसतो. हो. हार्ड डिस्क? त्यानं टेबलामागं वाकून पाहिलं, खाली पाहिलं. कुठेच जोडलेली दिसेना. नाही.

आता डिस्कवरच तर कॉम्प्युटरचा सगळा संसार असतो. नवा कर्नल उठला, त्याला घरच सापडेना, तो जागीच बसला. साडेसात वाजून गेले.

"डिस्क डब्याच्या आत असती, बाबा," आक्का म्हणाली. "दिसत न्हाई म्हणून न्हाई म्हणू नगंस. शंका आली की हो म्हण."

बाळगोंडाला प्रत्येकच नावाची शंका आली. हो, हो, हो. या खेपेचा कर्नल चांगला जाडजूड झाला आणि हजेरीला बसला. गावानं कधी न पाहिलेल्या चौदा प्रिंटरांना तो एकेक करून हाक मारू लागला आणि प्रत्येकासाठी थांबू लागला. साडेआठला तो सातव्या प्रिंटरची वाट बघत होता.

"जो उत्तर देत न्हाई त्याची वाट बघायची न्हाई," आक्काचा आवाज चढला. "सोडायचं, म्होरं जायचं. आन् ते प्रिंटर काढ आधी."

या वेळी जमलं. कर्नलनं हाक मारली, टाकीनं ओ दिली, यंत्र घुमू लागलं. अकराला दूध चार अंशांवर. चेअरमननी बाळगोंडाच्या पाठीवर थाप मारली आणि शेजारच्या वाडीत लग्न होतं तिकडे निघून गेले.

तेवढ्यात एक टँकर आला. त्याला त्याच लग्नाला पाणी न्यायचं होतं. ड्रायव्हर नवखा. चकचकीत टाकी दिसताच त्यानं पाइप जोडला आणि विचारलं, "न्यायचं ते ह्येच काय?"

बाळगोंडाला जराशी शंका आली. शंका आली की हो म्हणायचं. टँकर कुणाचा ते बघायचं नव्हतं. आणि पाइप तर डोळ्यांदेखत जोडलेला होता.

"व्हय," तो म्हणाला.

साडेबाराला आक्काचा फोन आला. "बाळू, टाकी चालती न्हवं?"

"झकास. चार अंश."

"आन् दूध?"

"ते वाडीला गेलं, टँकरनं. वऱ्हाडी पाय धुत्यात म्हणं त्यानं. लई गार हाय म्हणत्यात."

पलीकडून आवाज नाही. बाळगोंडानं दोनदा हाक मारली. उत्तर नाही. जो उत्तर देत नाही त्याची वाट बघायची नव्हती. त्यानं फोन ठेवला आणि पुढं निघाला, वाडीला, लग्नाच्या पंगतीत.

जागा मिळाली ती नेमकी चेअरमनच्या शेजारी. ते नुकतेच पाय धुऊन पानावर बसले होते.