रातांब्याचा रंग

डोंगराच्या पायथ्याशी, हिरव्यागार रानाच्या कडेला, शेवंती नावाची एक मुलगी आईबरोबर राहायची. एवढीशी झोपडी आणि त्यात एवढुशी चूल. सकाळी पेज मिळाली की रात्री बहुतेक उपासच. आई मोळ्या विकायला गेली की शेवंती दाजी चिताऱ्यांकडे रंग वाटायला बसायची.

दाजी लाकडाची फळं रंगवायचे. त्यांची पिवळीधमक केळी, लालचुटूक जाम, शेंदरी काजू पाहून तोंडाला पाणी सुटायचं. पण साठ वर्षांत एक फळ त्यांना साधलं नव्हतं. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ! त्याच्या सालीत लाल आणि जांभळा एकमेकांत विरघळलेले असतात. तो रंग काही केल्या लाकडावर उतरत नव्हता. आणि आता तर दाजींचे हात थरथरू लागले होते.

एके दिवशी त्यांनी कुंचले धुतले आणि फडक्यात बांधून ठेवले.

"काय गो बघतेस? संपलं माझं काम."

"आणि रातांबा?"

"तो झाडालाच शोभतो." दाजी हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत.

शेवंती धावत रानात गेली आणि रातांब्याच्या झाडाखाली मुसमुसत बसली. तोच पानापानांतून चंदेरी ठिपके लुकलुकले. चतुराच्या पंखांची, सोनसळी झग्याची एक इवलीशी परी फांदीवरून अलगद उतरली.

"दुसऱ्यासाठी रडणारं कुणी मला फार दिवसांनी भेटलं," परी म्हणाली. "एक वर माग. पण नियम ऐक हं. परीला नवं काही बनवता येत नाही. ते माणसांनाच येतं. मी फक्त इथलं तिथं नेते."

शेवंतीला गरमगरम भाकरी आठवली. मग ते बांधलेलं फडकं आठवलं.

"दाजींचे हात थरथरू देऊ नकोस."

"मग कुणाचे तरी स्थिर हात न्यावे लागतील."

"माझे ने."

"उद्या सूर्य मावळेपर्यंतच. तोवर त्यांची थरथर तुझी. आणि कुणाला सांगायचं नाही."

सकाळी पेजेची वाटी उचलताना दाजी चमकले. हात कसा दगडासारखा स्थिर! त्यांनी घाईघाईनं फडकं सोडलं. दुपारपर्यंत तीन रातांबे रंगवून झाले. नितळ, गुळगुळीत, झळझळीत.

दाजींनी तिन्ही बाजूला सारले. "हाताला उगाच बोल लावत होतो मी. हात ठणठणीत आहे. मग चुकतंय कुठे?"

त्यांनी चौथ्या फळाला जांभळा रंग दिला आणि ते वाळत ठेवलं. "लाल दे गो."

शेवंतीनं लाल रंगाची वाटी उचलली. तिची बोटं पिंपळपानासारखी हलत होती. टप! एक थेंब ओल्या जांभळ्यावर पडला.

तिचा जीव उडाला. ओल्या थरावर दुसरा रंग लावायचा नाही, हा त्या घरातला पहिला धडा होता.

"दाजी, चुकले मी!"

"थांब! पुसू नको!"

लाल थेंब हळूहळू पसरला, जांभळ्यात शिरला, कडेकडेनं विरघळला. लाकडावर रातांब्याची साल उमलू लागली.

"साठ वर्षं," दाजी पुटपुटले, "साठ वर्षं मी थर सुकायची वाट पाहिली. गुरूंनी सांगितलं, आणि का म्हणून एकदाही विचारलं नाही!"

त्यांनी नवं लाकडी फळ घेतलं. जांभळा ओला असतानाच झरझर लाल फिरवला. सूर्य डोंगराला टेकला आणि रातांबा पुरा झाला.

त्याच क्षणी दाजींचे हात पुन्हा थरथरले, शेवंतीचे थांबले. दाजींनी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग आपल्या.

"हे हात तुझे होते होय, बाय?"

खिडकीतून परी आत आली. तिनं रातांब्याला हळूच बोट लावलं. "अगंबाई, ओला आहे!" ती खुदकन हसली. रंगलेलं बोट मिरवत ती गरगर फिरली, घरभर केशरी उजेड सांडला आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

दुसऱ्या दिवशी दाजींनी शेवंतीच्या आईला बोलावलं. "मोळ्या पुरे झाल्या. आजपासून दोघी इथेच जेवायचं. ही माझ्या शेजारी बसून रंगवणार." आणि सगळ्यांत नाजूक कुंचला त्यांनी शेवंतीच्या हातात दिला.

"आज फणस रंगवू."

"पण फणस तर तुम्हाला येतो ना, दाजी?"

"परवापर्यंत येत होता," दाजी म्हणाले. "आता पुन्हा शिकू या."