पाहुण्यांच्या दिवशी घरी थांबवलेली मुलगी

एकदा एक व्यापारी एका वृद्ध आचार्यांची अभ्यासिका पाहायला येणार होता. दहावीत गटांगळ्या खाणारी मुले तिथे सायंकाळी शिकत. शिकवणारा एकच, आचार्यांचा तरुण शिष्य. पदवीधर, तळमळीचा आणि उतावळा. व्यापाऱ्याने अनुदान दिले तर वर्ग चालू राहणार होता, नाही तर दिवाळीनंतर दाराला कुलूप.

शाळेची तपासणी आली, की मागच्या बाकांवरच्या मुलांना घरी थांबवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. शिष्य अशाच शाळांतून शिकला होता. त्यानेही तेच केले. वर्गात सर्वांत मागे पडलेल्या सोजर नावाच्या मुलीला तो म्हणाला, "उद्या येऊ नकोस. पाहुणे यायचेत." आणि शेजारच्या शिकवणीतली चुणचुणीत मुले आणून त्याने पुढच्या बाकांवर बसवली.

व्यापारी आला. मुलांनी प्रमेये धडाधड सांगितली. तो प्रसन्न झाला.

"वा, आचार्य! इथे तर सगळी सरस्वतीची लेकरे!" तो उठत म्हणाला. "मग मी द्यायचे कुणासाठी? माझी मदत अडलेल्यांसाठी आहे. दुसरे गाव बघतो."

शिष्याचा चेहरा उतरला. आचार्यांची नजर बाकांवरून फिरली.

"सोजर कुठे आहे रे?"

"घरी," शिष्य पुटपुटला.

"शेठजी, चहा घ्या. मी आलोच."

ते काठी टेकत गेले आणि सोजरला घेऊन परतले. भांडी घासता घासता उठून आल्याने तिच्या हातांना अजून राख होती. वाटेत त्यांनी तिला विचारले होते, "तुझे जिथे अडते, ते पाहुण्यांना दाखवशील?" ती हो म्हणाली होती.

त्यांनी तिच्या हाती खडू दिला. "दोन तृतीयांश आणि एक चतुर्थांश. बेरीज कर, बाळ."

"आचार्य, काय करताय हे?" शिष्य कुजबुजला. "उरलीसुरली अब्रूही जाईल!"

"जाऊ दे."

सोजरने फळ्यावर लिहिले, तीन सप्तमांश. पुढच्या बाकांवर खसखस पिकली.

"कितवीत आहेस, मुली?" व्यापाऱ्याने विचारले.

"दहावीत."

"अगं, हे तर पाचवीतलं!"

"पाचवीत मी नव्हतेच, शेठजी. आई-बापासंग ऊसतोडीला गेलते. माघारी आले तवा वर्ग पार पुढं गेला व्हता. खालचे आकडे सारखे नसले, की माझं तिथंच अडतंय." ती शिष्याकडे वळली. "दादा, तुम्ही लई घाईनं शिकवता. मधी विचारायची लाज वाटायची."

व्यापाऱ्याने पुढच्या बाकांकडे बोट केले. "आणि ही मुले?"

"माझी नाहीत," शिष्य म्हणाला. "उसनी आणली."

आचार्य सावकाश बोलू लागले. "शेठजी, याच्यावर रागावू नका. वर्ग बंद पडेल म्हणून हा घाबरला. पण बाळा, वैद्य दारी आला तर आपण शेजारच्या धडधाकट माणसाचा हात पुढे करतो का? तू आजाऱ्यालाच माजघरात लपवलेस. मदत मागताना आपल्याला उणिवेची लाज वाटते, आणि मग आलेली मदत दारावरून परत जाते. ही मुलगी मंद नाही. तिची पाचवी राहिली आहे. इतक्या वर्षांत तिला ते कुणी विचारलेच नाही."

व्यापारी पुन्हा खाली बसला. "मार्चमध्ये सुटेल का ही?"

"सांगता येत नाही."

"नापास झाली तर?"

"तर पुरवणी परीक्षेला बसेल. मात्र तोवर शिकवणारा इथे हवा."

"मग पुरवणी होईपर्यंतचे मी देतो. आणि या तुमच्या पंडिताला नीट पगार द्या, आचार्य. मुले उसनी आणायला त्याच्याकडे वेळ उरता कामा नये."

शिष्य हसला नाही. तो सोजरजवळ गेला. "पाचवीचं कुठून सुरू करू?"

"भाकरीपासून करा, दादा. एक भाकर तिघांत, एक चौघांत. ते मला येतंय."

शिष्याने फळ्यावर भाकरीचा एक गोल काढला आणि तिघांतल्या दोघांचा वाटा किती ते विचारले. उत्तर त्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले, खडू तिच्या हाती दिला आणि तो थांबून राहिला.