म्हशीच्या दाव्याची गाठ

एका नदीच्या कुशीत एक गाव झोपल्यासारखं वसलं होतं. सकाळी धुकं उतरलं की घरं तरंगताहेत असंच वाटे. त्या गावात एक सून नव्यानं नांदायला आली. बोलायची कमी, बघायची फार.

घरात सासू होती आणि चांदी नावाची गाभण म्हैस. चांदी सुखरूप व्याली तरच पुढचं वर्ष निघणार होतं.

गावाची रीत अशी, की दावं खुंट्याला निरगाठीनं बांधायचं. गाठ जितकी घट्ट, तितकी घरात लक्ष्मी पक्की! सून मात्र सुरगाठ मारायची, टोक ओढलं की सुटणारी. शिवाय रोज चांदीला टेकडीवर नेऊन मूठभर मीठ चाटवायची.

"अगं बाई, तुझ्या माहेरी म्हशींना फिरायला नेतात वाटतं?" शेजारीण हसायची.

"सूनबाई, निरगाठ मार. लक्ष्मी सुटून जाईल," सासू दटावायची.

"हो, आत्याबाई," असं म्हणून सून सुरगाठच मारायची.

एका सकाळी ती नदीवर धुणं धूत होती. गावावर कोवळं ऊन होतं. पाऊस दूर डोंगरात कुठेतरी. पाण्याचा रंग हळूच बदलला. फेस आला, त्यामागून एक भोपळा वेलासकट डुलत आला. सुनेचं माहेरही नदीकाठचंच. पूर असा गुपचूप येतो, हे तिला ठाऊक होतं. धुणं टाकून ती पळत सुटली.

"पाणी आलं! जनावरं सोडा!"

गावानं नव्या सुनेचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

ती पोचेपर्यंत गोठ्यात गुडघाभर पाणी. सासू खुंट्याशी दावं धरून उभी.

"आत्याबाई, टोक ओढा!"

सासूनं ओढलं. गाठ अलगद उकलली. चांदी पाण्यात डुंबायला वळली नाही. मिठाच्या सवयीनं थेट टेकडी चढू लागली. दोघी तिच्यामागे.

खाली माणसं भिजून फुगलेल्या निरगाठींशी झगडत होती. कुणी विळ्यानं दावी कापली. शेजारणीची गाय मात्र खुंट्याशीच राहिली.

टेकडीवर शेजारीण पदरात तोंड खुपसून बसली होती. सासू हळूच म्हणाली, "निरगाठ मार म्हणाले होते ना मी?"

"हो, आत्याबाई."

"आणि तू हो म्हणालीस."

"म्हणाले होते," सून चांदीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

सासूनं पाण्यात बुडालेल्या गावाकडे बोट दाखवलं. "पाणी ओसरलं की घरोघरी जायचं. तू गाठ दाखव. कुणी हसलं, तर बोलायला मी आहे."

तात्पर्य: पूर आल्यावर गाठ सोडायला शिकता येत नाही. जनावराला जपायचं, तर त्याच्या सुटकेची सोय आणि उंचावरची वाट आधीच करून ठेवावी.