शिवेआतला चतुर

जरा बेतानं, डोहावर झुकू नका. तो बघा, निळ्या शेपटीचा चतुर. मागे अभ्यासाला माणसं आली होती. म्हणाली, आजोबा, हा या डोहाशिवाय जगात कुठेच नाही, नामशेष व्हायच्या वाटेवर आहे. म्हटलं, बाबांनो, तुम्हाला आज कळलं होय?

तो बाहेर का जात नाही, ते आमच्यात असं सांगतात.

आमच्या घराण्याचा मूळपुरुष रवळू. या सड्यावर, या कातळाच्या माळावर, चिरे काढायचा. एकदा खणता खणता कातळ खचला आणि तो खालच्या भुयारात गेला. वरून दरड कोसळली. हाका मारून घसा बसला, कोपर हलवायला जागा नाही. संपलं सगळं, असंच त्यानं धरलं. तेवढ्यात कानाशी फडफड झाली. चाचपून बघतो तर चतुर. पोरांनी शेपटीला बांधलेला दोरा दगडात अडकलेला. स्वतःचा जीव टांगणीला, तरी त्यानं आधी ती गाठ सोडली म्हणे. चतुर उडाला, तो आवाज धरून रवळू सरपटत गेला. पुढे वळणावर फटीतून उजेड दिसला. माती उकरून तो या डोहाच्या काठाशी बाहेर पडला.

तसाच ग्रामदेवाच्या देवळात गेला. गाऱ्हाणं घातलं, 'या जिवाला शिवेच्या आत कुणी धरू नये, मारू नये.' आमचं गाऱ्हाणं शिवेच्या आतलंच असतं; पलीकडे दुसऱ्या गावचा देव. जिभेला तेच वळण. देवानं कौल दिला, पण राखण मिळाली ती शिवेपुरती, आणि तीच त्याचं कुंपण झाली. तेव्हापासून चतुर त्या शिवेच्या दगडापर्यंत जातो आणि मागे फिरतो.

रवळूनं त्याला ओंजळीतून पलीकडे नेऊन सोडलं. तो परत आला. मग रवळू ढसाढसा रडला. गाऱ्हाणं मागे घ्यावं, तर राखणही जाणार. शेवटी म्हणाला, 'मी सुटलो आणि तुला अडकवलं. आता मीही शीव ओलांडणार नाही.' मरेपर्यंत ओलांडली नाही.

आजही आमच्या घरचा कर्ता पुरुष शीव ओलांडत नाही. सध्या तो मी. कंटाळा येत नाही का, विचारतात. येतो की, खोटं कशाला बोलू? पलीकडे माडांआड कौलं दिसतात ना, तिथं लेक दिलीय. परवा बाळंत झाली. वारा तिकडून आला की बाळाचं रडणं ऐकू येतं. मी अजून पाहिलं नाही त्याला. सव्वा महिना झाल्यावर ती घेऊन येईल. तुम्ही त्याच वाटेनं जाणार. तिला सांगा, बाबा दगडापाशी बसलेत.