पंचामृत प्यालेला संगणक

"…मग दुरुस्त करू, की नवा मागवू, महाराज?"

हेरंबने सकाळपासून हेच चालवलं होतं. सोमगिरी महाराज मठाच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि पुढची शेंग उचलली.

दोघांच्या मधे तो संगणक ठेवला होता. टेबलावरचा, जुना, चांगला बोजड. दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून बंद.

तो बंद का पडला, हे मठात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. खंडेनवमीला आपापली अवजारं पुजायची. आचाऱ्याने झारा मांडला, माळ्याने खुरपं. हेरंबने संगणक मांडला. बाकीच्यांनी हळदकुंकू वाहून हात जोडले. हेरंब पडला शिकलेला. त्याने पोथी काढली आणि यथासांग षोडशोपचार सुरू केले. पंचामृतस्नानापर्यंत पूजा छान झाली.

पुण्यातली मोठी नोकरी सोडून हेरंब इथे आला होता. मठात मोबाईलला मज्जाव. संगणक मात्र त्याने हट्टाने आणला. मठाच्या मूळपुरुषांची पदं आणि महाराज सांगत तो त्यांचा अर्थ, असं दोन्ही तो टाइप करी. महाराज बोलत, याची बोटं चालत. माझ्या हातून एक शब्द सुटत नाही, असं तो पाहुण्यांना सांगे. त्यांनी विचारलं नाही तरी सांगे.

"दुरुस्तीवाला काय म्हणतो?" महाराजांचा आवाज घोगरा झाला होता. दोन वाक्यं झाली की थांबावं लागे.

"याचे पार्ट आता मिळत नाहीत म्हणतो. शहरात जुन्या बाजारात शोधावे लागतील. मलाच जाऊन राहावं लागेल. महिना तरी जाईल. आणि उशीर केला तर आतलं काही हाती लागणार नाही म्हणतो."

"आणि नवा?"

"नागपूरचे भक्त परवा आणून देतो म्हणतात."

"मग अडलंय कुठे?"

हेरंबचा धीर सुटला. "दिवाळीनंतर तुमच्या घशाचं ऑपरेशन. पुढे आवाज राहील याची डॉक्टर खात्री देत नाहीत. मी जुन्याच्या मागे गेलो, तर तुमच्याकडून घ्यायची राहिलेली पदं जातील. ती घेत बसलो, तर झालेली जातील. मला झोप लागत नाही, महाराज."

"हाताने लिही."

"माझं अक्षर माझं मलाच लागत नाही."

महाराज हसले. हसता हसता खोकले.

"बरं. जुन्यातलं एखादं सांग. गेलं तर काय जाईल, तेवढं कळू दे."

हेरंब सावरून बसला. "जात्याचं पद. आपण सुरुवातच त्याने केली होती."

"त्यावर मी काय म्हणालो?"

हेरंबने तोंड उघडलं… आणि मिटलं.

"दुसरं सांग."

"होडीचं. त्यावर तर तुम्ही किती दिवस बोलत होतात."

"काय बोलत होतो?"

"…ते सगळं आत आहे, महाराज. शब्दन्‌शब्द आहे."

"आणि तू कुठे होतास?"

"इथेच. तुमच्या समोर."

महाराज शेंगा सोलत राहिले. हेरंबचे कान लाल झाले होते. त्याला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण उठवेना.

त्याने खाली पडलेलं एक टरफल उचलून बोटांत चुरडलं.

"एक आठवतंय," तो हळूच म्हणाला. "कोंड्याचं."

"सांग."

"तुम्ही लहान होतात. आईने पीठ चाळलं आणि चाळणीत राहिलेला कोंडा तुम्ही उकिरड्यावर टाकलात. आई रागावली नाही. तुम्हाला हाताला धरून गोठ्यात नेलं आणि म्हणाली, चाळणी आपली आहे रे, गाईची नाही… एवढं सांगून तुम्ही गप्प झालात. अंगणात चिमण्या टिपत होत्या. तुमचे डोळे भरून आले होते. मला माझी आई आठवली. मी त्या संध्याकाळी तिला पत्र लिहिलं."

हे सगळं तो न अडखळता बोलला. महाराजांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे बरं ध्यानात राहिलं."

हेरंब घुटमळला. "हे टाइप केलेलं नाही, महाराज. त्या दिवशी वीज गेली होती."

"अस्सं."

"भारनियमन होतं. इन्व्हर्टरची बॅटरीही उतरलेली. मी नुसताच बसलो होतो."

आत कुणीतरी भांडी घासत होतं.

हेरंबने बाहीने डोळे पुसले. "इतकी वर्षं समोर बसलो आणि एक दिवस ऐकलं. मला लाज वाटते."

महाराजांनी सोललेले दाणे त्याच्या ओंजळीत ओतले आणि टरफलं सुपात गोळा केली.

"आता काय करू, महाराज?"

"नवा मागव."

हेरंबने चमकून वर पाहिलं. "नवा?"

"हो. परवा येतोय ना, येऊ दे. टेबलावर ठेव." महाराज उपरणं झटकून उठले आणि दारात थांबले.

"आणि वीजवाल्यांकडे एक चक्कर मारून ये. आपल्याकडे वीज कधी कधी जाते, ते विचारून घे. मी तेव्हा बोलेन."