तानूबाईचा बंब आणि पळसाचं पान

“कथलाचा डाग लावून भागेल, का मोडीतच घालू?”

तानूबाईनं गाडीतून बंब उतरवून घेतला आणि पिराच्या चिंचेखाली टेकता टेकताच विचारलं.

दस्तगीरबाबा बंबाकडं बघत राहिले.

मी तिथंच होते. चार पातेली कल्हईला आणली होती, पौषातलं ऊन पाठीवर घेत बसले होते. म्हणून सांगते, ऐकीव नाही.

बाबा फकीर. घर नाही, संसार नाही. चिंच, भाता आणि एक हातोडा. पंचक्रोशीतलं फुटकं भांडं त्यांच्याकडं यायचं, आणि फाटलेली माणसंही. दोन्ही सांधूनच परत जायची.

त्यांच्या हाताखाली केरबा होता. तिशीचा गडी. हात सोन्याचा, पण जीभ तिखट. बाबांनी त्याला शब्द दिला होता, “अख्खा बंब एकट्यानं घडवशील, त्या दिवशी हा हातोडा तुझा.” तेव्हापासून केरबाला जुनं भांडं दिसलं की त्यात त्याचा नवा बंबच दिसायचा.

तो पुढं झाला. बंब आडवा केला, आत हात घातला.

बंबाच्या पोटातून जाळाचा नळ जातो. आत विस्तव, भोवती पाणी. त्या नळाचा जोड खाली बोटभर सुटला होता.

“मोडीत घाला, मावशी.”

“बघितलंस तरी का नीट?”

“बघायचंय काय? कथलाचा जोड आहे. कथील विस्तवात टाकलं की पाण्यासारखं वाहतं. आज लावला, उद्या सुटणार. सहा दिवस द्या, नवा घडवतो. पितळी जोडाचा.”

“सहा दिवस? अरे, माळ्याच्या शेवंताचे दिवस भरलेत. आज-उद्या कळा सुरू होतील. आधीची दोन हातातनं गेली तिची, दोन्ही थंडीतलीच. तिच्या पोराला सांगू, सहा दिवस आतच बस म्हणून?”

तानूबाई सुईण. तालुक्याचा दवाखाना घाटापलीकडं. आमच्या गावात जन्मलेल्या प्रत्येक जिवाची पहिली आंघोळ त्या बंबाच्या पाण्यानं. माझीसुद्धा.

केरबा म्हणाला, “मग पातेल्यात तापवा.”

“पातेल्यात एका आंघोळीचं पाणी तापतं रे. बाळंतिणीला लागतं, बाळाला लागतं, धुण्याला लागतं, पुन्हा शेकायला लागतं. तुला काय ठाऊक! तू पायाळू. जगात पाय आधी टाकलेस, डोकं मागनं आलं. अजून तसंच चाललंय.”

मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला.

केरबाचे कान लाल झाले. “मी थिगळं लावायला शिकलो नाही, बाबा. हिला सांगा तुम्ही. कथील जाळात टिकतं का?”

बाबा म्हणाले, “पस्तीस वर्षं टिकलं.”

“मग आता का सुटलं?”

बाबांनी तानूबाईकडं बघितलं.

एवढी तोंडाची बाई, पण जमिनीकडं बघायला लागली...

“मीच पेटवला,” ती म्हणाली. “रिकामा. दोन दिवस एका बाळंतिणीपाशी बसून घरी आले होते. डोळ्यावर झापड. लाकडं घातली, पाणी घालायचं राहिलं.” मग हळूच म्हणाली, “बंबात खोट नाही बाबा. मीच म्हातारी झाले.”

केरबा सुटलेला जोड चाचपत राहिला.

बाबा उठले. माळाच्या कडेला पळस होता, त्याचं एक मोठं हिरवं पान तोडून आणलं. खोलगट दुमडलं. तांब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि भात्यापुढच्या निखाऱ्यांवर, दोन दगडांच्या मध्ये, ठेवून दिलं.

“जळेल,” केरबा म्हणाला.

बाबा भाता हलवायला लागले.

निखारे लाल झाले. पानाच्या कडा करपल्या. पाण्याला वाफ आली, मग बारीक बुडबुडे. पाणी उकळायला लागलं... आणि पान तसंच. खालून काळवंडलं, पण जळलं नाही.

केरबा उकिडवा बसला. कथलाचं, पितळेचं सगळं विसरला. डोळे पानावर.

तानूबाईही जवळ सरकली.

पाणी आटत चाललं. जिथपर्यंत पाणी, तिथपर्यंत पान हिरवट. पाणी खाली उतरलं की वरचं पान काळं पडायचं. बोटभर राहिलं. मग अर्धं बोट, मग नुसती ओल.

बाबा भाता हलवतच होते.

पानाच्या पोटात एक ठिणगी चमकली, तसा केरबानं तांब्या उचलला आणि पाणी घातलं. अलगद, धार न धरता, पान कलंडू नये असं.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांनी भाता थांबवला.

“का घातलंस?”

“पान जळलं असतं.”

“पानच ते. माळावर पुष्कळ आहेत.”

केरबानं पानावरनं नजर बंबाकडं वळवली, “पाणी असेल तोवर कथीलही वितळत नाही,” असं पुटपुटला. मग त्यानं तो बंब ओढून मांडीशी घेतला. सुटलेला जोड चिंचेनं घासला, पुसला, पुन्हा घासला. कथील वितळवलं. मी तेवढा वेळ त्याचा हात बघत होते. थिगळ लावणारा हात नव्हता तो. लेकराच्या डोळ्यात काजळ घालावं तसा चालत होता.

दुपार कलली. बंब भरला, पेटवला. नळात जाळ धडाडला, तोटीतून कढत पाणी आलं. राखेवर एक थेंब पडला नाही. तानूबाईनं वाकून जोडाखाली बघितलं आणि मान डोलावली. तिच्यापुरती ती शाबासकीच.

शेवंताला त्या खेपेला झालेली लेक आज चार लेकरांची आई आहे आणि माझ्यापेक्षा जास्त बडबडते. पण ते नंतरचं.

बंब निववून गाडीत चढवला. केरबानं हात पुसले. बाबांचा हातोडा ऐरणीवर होता, तो उचलला, तळहातावर तोलून बघितला.

“बाबा, नवा घडवला नाही. पण जोड आयुष्यभर टिकेल असा बसवलाय. आता तरी...”

बाबांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. तानूबाईला विचारलं, “शेवंतापाशी तुझ्या मदतीला कोण?”

“कोण असणार? मी एकटी. तिला धरू, का बंब बघू?”

बाबांनी मान हलवली. विस्तवापाशी तो रिकामा तांब्या पडला होता, तिकडं बोट दाखवलं.

“हातोडा ठेव, केरबा. तांब्या उचल, बंबातलं पाणी तू बघ. गाडी निघालीय.”